पाचवा गिअर

१

या घरात राहायला आलो तेव्हा सगळ्यात आधी मी खुंट्या खाली आणल्या. स्वतःचा शर्ट अडकवायला टाचा उंचवायच्या म्हणजे काय! न्हाणीघरातल्या आरशात मला फक्त माझं कपाळ दिसायचं. दाढी करताना रंगाचा डबा पालथा घालून त्यावर उभं राहावं लागायचं. दिव्यांची बटणं, कपाटाचा वरचा कप्पा, खिडकीची वरची कडी, सगळं एका सहा फूट दोन इंच माणसाच्या सोयीनं लावलेलं होतं, आणि तो माणूस माझ्या बायकोचा पहिला नवरा होता. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मनातल्या मनात मी त्याला लंबू म्हणतो.

लंबू घड्याळजी होता. सहा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या खाटेवर आजारपणानं गेला, त्यात गूढ असं काही नाही. डॉक्टर म्हणाले होते दोन महिने, आणि तो बरोबर दोन महिन्यांनी गेला. घड्याळजीच तो, वेळ कशी चुकवेल? त्याच्यामागे तीन वर्षांनी माझं हिच्याशी लग्न झालं. माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताला काम आहे, कसलं व्यसन नाही. हिनं महिनाभर विचार केला आणि हो म्हणाली. राहायला मात्र मीच इकडे आलो, कारण हिची शाळा, म्हणजे ज्या शाळेच्या ग्रंथालयात ही नोकरी करते ती, इथून चालत पाच मिनिटांवर आहे. आणि माझी खोली गॅरेजच्या माळ्यावर होती, तिथे उशीलाही ग्रीसचा वास यायचा.

ही चांगली आहे हो. तापात माझ्या उशाशी बसते, माझ्या काळ्या नखांना नावं ठेवत नाही. पण माझ्याजवळ हसते ती ओठ मिटून. मोकळं हसताना मी तिला एकदाच ऐकलं आहे. बहिणीशी फोनवर बोलत होती, लंबूनं कुठल्याशा चढावर गिअर टाकताना काय घोटाळा केला होता ते सांगत होती. मी बाहेर पायपुसण्यावर चपला पुसत उभा होतो. असं खळखळून हसू हिच्यात आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. एकदा तरी हिनं माझ्याबरोबर, माझ्यामुळे तसं हसावं.

तीन वर्षांत खुंट्या, आरसा, बटणं, कप्पे सगळं खाली आलं. मागच्या शेडमधली गाडी तेवढी राहिली होती.

२

गाडी सत्तर वर्षांची. आधी लंबूच्या मामाची, मग लंबूची. रंग गडद हिरवा, चाकांवर फुगीर पत्रे, पुढे दोन मोठाले गोल दिवे. एका रविवारी मी तेलपाणी केलं आणि इंजिन दहा मिनिटांत सुरू झालं. खणखणीत होतं. गिअरबॉक्स मात्र संपला होता. तीन गिअरचा जुना प्रकार. त्याला प्रत्येक गिअरसाठी क्लच दोनदा दाबावा लागतो, एकदा आधीचा गिअर काढायला, एकदा पुढचा टाकायला. जरा घाई केली की दात करकरतात. दुसऱ्या गिअरचे पाच दात उडाले होते, आणि तसले दात आता कुठेच मिळत नाहीत.

"हिला आजकालचा पाच गिअरचा बॉक्स बसवतो," मी बायकोला म्हणालो. "मग कुठेही जाता येईल."

ही भाजी निवडत होती. "बसेल?"

"मी बसवला तर का नाही बसणार?"

"मग बसवा की." दोन काड्या मोडून झाल्यावर म्हणाली, "त्यांनाही नेहमी वाटायचं, वरचा एखादा गिअर हवा होता म्हणून."

त्यांनाही! माझ्या पोटात तिथेच दुखायला लागलं.

हिला सांगितलं ते कारण खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आता सांगतो. तिसऱ्या गिअरपर्यंत ती गाडी त्याची होती. त्यात ही त्याच्या शेजारी बसली होती, दहा वर्षं बसली होती, ते मी पुसू शकत नव्हतो. पण चौथा आणि पाचवा त्यानं हातात धरलेला नव्हता. तिथून पुढे सगळं माझं. हिला शेजारी बसवून मी पाचवा टाकणार, आणि ज्या चालीत ही त्याच्याबरोबर कधी गेली नाही त्या चालीत माझ्याबरोबर जाणार. पन्नाशीला आलेला माणूस मेलेल्या माणसाशी शर्यत लावत होता. हसायचं तर हसा.

३

एका चेपलेल्या गाडीतला पाच गिअरचा बॉक्स मला भंगारवाल्याकडे मिळाला. आता एका गाडीचं इंजिन आणि दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे यांची भोकं एकमेकांना जुळत नाहीत. मधे एक जाड प्लेट घालावी लागते, एका बाजूनं इंजिनाशी जुळणारी, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सशी. ती माझ्या टर्नर मित्रानं कापून दिली. वीस वर्षांची दोस्ती आमची. जिभेनं तिखट, लेथवर देवमाणूस.

"म्हातारीला जीन्स घालतोयस," प्लेट हातात देताना तो म्हणाला. "वहिनींना विचारलंस का?"

"तिनंच सांगितलं बसव म्हणून."

जुना गिअरबॉक्स मी त्याच दिवशी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवला. खरं तर घाई नव्हती, शेडमध्ये जागा पुष्कळ होती. पण जाता जाता त्याला लाथ मारावीशी वाटत होती, आणि मारलीही एक.

संध्याकाळी ही चहाचा कप घेऊन शेडमध्ये आली आणि फरशीवरच्या तेलाच्या चौकोनी डागाकडे बघत उभी राहिली.

"जुना कुठाय?"

"दिला. लोखंडाचा गोळा, काय करायचाय?"

"विचारायचं तरी."

"त्यात विचारायचं काय? दात तुटलेले होते."

"हो," ती म्हणाली. "तुटलेले होते. दर सुट्टीला काढून पुसायचे ते. दात घासायच्या ब्रशनं." आणि मग माझा चेहरा बघून, "मी काही म्हटलं का? चहा गार होतोय."

चहा मी प्यायलो. ती आत गेल्यावर एक पाना भिंतीवर फेकून मारला.

४

प्लेट इंजिनाच्या पाठीवर बसवली की तिचं मधलं भोक इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या बरोबर मध्यावर यावं लागतं. केसाएवढा फरक राहिला तरी गिअरबॉक्स वर्षभरात स्वतःला खातो. हा फरक मोजायला डायल गेज असतो, मनगटी घड्याळाएवढी गोल तबकडी आणि तिच्यात एक काटा. तो लावायचा, इंजिन हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचं आणि काटा किती सरकतो ते बघायचं. पाच रेघांपर्यंत चालतं.

माझा काटा बावीस रेघा सरकला. हे नेहमीचंच. कुठलीही प्लेट पहिल्या दिवशी मध्यावर बसत नाही. तिला लाकडी हातोडीनं टिचकावून, पिना बदलून, शिव्या घालून मध्यावर आणावं लागतं, त्यात दोन दिवस सहज जातात. मी खडूनं प्लेटवर 'बावीस' लिहिलं, वरचे दोन बोल्ट ढिले ठेवले आणि जेवायला गेलो.

अर्ध्या तासानं परत आलो. काटा कुठे होता ते बघावं म्हणून इंजिन पुन्हा एक फेरा फिरवलं. काटा हलला नाही.

अडकला असेल म्हणून काचेवर नख मारलं. बोटानं दाबून पाहिलं तर काटा टुणकन उडाला, म्हणजे गेज ठीक होता. पुन्हा फिरवलं. शून्य. चार वेळा फिरवलं, चारही वेळा शून्य. तीस वर्षांच्या कामात मी शून्य पाहिलेला नाही. दोन-तीन रेघा उरतातच, त्या हाताच्या असतात. वरचे दोन बोल्ट चाचपले, घट्ट होते. प्लेटवर माझ्याच अक्षरात 'बावीस' लिहिलेलं होतं.

दुपारची वेळ, पत्रा तापून तडतड वाजत होता, शेजारच्या घरात कुणीतरी कपडे आपटत होतं. मी डोकं चालवलं. जेवायला जायच्या आधी बोल्ट मीच आवळले असतील. आवळताना प्लेट सरकली असेल आणि सरकून नेमकी मध्यावर आली असेल. होतं असं. मी तरी कधी ऐकलं नव्हतं, पण होत असेल.

टर्नरला फोनवर सांगितलं.

"शून्य?" तो म्हणाला. "अरे, तू गाड्या दुरुस्त करतोस की घड्याळं?"

मी फोन ठेवून दिला. प्लेट काढून मुद्दाम वाकडी बसवावी असं क्षणभर मनात आलं. शून्य माझा नव्हता, एवढं मला कळत होतं, आणि तो मला घ्यायचा नव्हता. पण कारागिराचा हात असलं काम करत नाही. मी गिअरबॉक्स चढवला आणि तो पहिल्या झटक्यात आत गेला.

५

ड्रायव्हरची सीट लंबूच्या मापाला मागे गंजून बसली होती. ती ज्यावर सरकते त्या पट्ट्यात तीन दिवस तेल सोडलं, हातोडीनं ठोकली आणि सहा खाचा पुढे आणून बोल्ट आवळला. मग गिअरच्या दांड्याचं माप घेतलं. आमची पद्धत अशी की सीटवर बसायचं, डोळे मिटायचे आणि डावा हात सैल सोडायचा. तो जिथे आपसूक पडेल तिथे गिअरचा गोळा यायला हवा. नव्या बॉक्सचा दांडा वीतभर मागे निघत होता. तो कापला, वाकवला, माझ्या हाताच्या मापानं वेल्डिंग केला. वर पांढरा गोळा बसवला, त्यावर पाच आकडे. बराच वेळ त्यावर हात ठेवून बसलो. या घरात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मापाचं तयार झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून जरा लवकर आलो. घरात ही नव्हती. शेडचं दार लोटलेलं. ही गाडीत बसली होती, शेजारच्या सीटवर, काचा वर करून. मांडीवर ताट, ताटात मटाराच्या शेंगा. सोलत होती.

"इथे काय करतेस?"

"गार वाटतं इथे," ती म्हणाली.

पत्र्याखाली दुपारी चारला गार! मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. आत खरंच गार होतं. मी बसलो आणि पाय पेडलपर्यंत पोचेनात. गोळ्यासाठी हात सोडला तर तो हवेत लोंबला. सीट सहा खाचा मागे होती.

"सीट कुणी मागे केली?"

"मला काय माहीत? तुमची गाडी."

'तुमची गाडी' हे ती पहिल्यांदा म्हणाली. एरवी मी तेवढ्यावर दोन दिवस खूश राहिलो असतो. मी वाकून बोल्ट पाहिला, तो घट्ट होता. पाना लावला तर ढिला करायला मला दोन्ही हात लागले, आणि हिच्यानं तर तो जन्मात हलला नसता. मी सीट पुढे आणली. हिनं एक शेंग फोडली, दाणे ताटात पाडले आणि माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे, म्हणजे माझ्या पाठीमागे जी जागा सुटली तिच्याकडे, असं पाहिलं, जणू मी कुणाच्या तरी मांडीवर बसलोय.

 माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीती वाटली का म्हणाल, तर तिची पाळी नंतर आली.

६

पहिल्या फेरीला टर्नर आला. गावाबाहेर धान्याच्या गोदामांमागे दोन मैलांचा सरळ रस्ता आहे, तिथे गेलो. पहिला, दुसरा, तिसरा. क्लच एकदाच दाबायचा, दात करकरायचं नाव नाही. चौथा टाकला आणि म्हातारी अशी पळायला लागली की टर्नरनं शिट्टी मारली. चौथा माझा, मी मनात म्हणालो. आता पाचवा.

पाचवा पडेना.

दांडा अर्ध्या वाटेवर गेला आणि थांबला. लोखंडाला लोखंड अडतं तेव्हा हाताला कटकट लागते. ती लागली नाही. हे थांबणं मऊ होतं. समोरून कुणी तळहात लावावा आणि हळूच म्हणावं, राहू दे, तसं. मी जोर केला तर तितक्याच जोरानं दांडा परत आला. पुन्हा केला, पुन्हा तेच.

"बघू, सरक," टर्नर म्हणाला.

आम्ही जागा बदलल्या. तो निघाला, चौथ्यापर्यंत आला आणि दोन बोटांनी पाचवा टाकला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. त्यानं काढला, पुन्हा टाकला, गाणं गुणगुणत टाकला.

"झकास आहे की! तू घाबरतोस त्याला."

मी पुन्हा बसलो. माझ्या हाताखाली पाचवा पडला नाही. येताना अकरा वेळा पाहिलं. टर्नरचं गुणगुणणं थांबलं होतं. शेडमध्ये गाडी लावल्यावर म्हणाला, "एक सांगू? विकून टाक ही. चांगला भाव येईल."

"आणि मग? लंबूची गाडी विकणारा म्हणून नाव लावू?"

"कोण लंबू?"

मी हे नाव कधीच कुणासमोर उच्चारलं नव्हतं. "कुणी नाही," मी म्हणालो.

७

गिअरबॉक्स उतरवला, खोलला. काहीही बिघाड नव्हता. टेबलावर माझ्याच हातानं पाचवा वीस वेळा पडला. पुन्हा चढवला. रस्त्यावर पडला नाही. या सगळ्यात चार दिवस गेले. गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

पाचव्या दिवशी सकाळी मी आरशासमोर दाढी करत होतो. ही स्वयंपाकघरात होती. मागच्या शेडमधून आवाज आला. क्लचच्या पेडलचा आवाज मी झोपेतही ओळखेन. टक्. मधे एका श्वासाएवढी उसंत. टक्.

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

नव्या गिअरबॉक्सला क्लच दोनदा दाबावा लागत नाही. तसं दाबणारा माणूस जुन्यावर शिकलेला असतो, आणि ती सवय लागली की मग मरेपर्यंत सुटत नाही. मी वस्तरा गालावर तसाच धरून उभा होतो. पुन्हा आलं. टक्. उसंत. टक्. या वेळी त्यामागोमाग बारीकसा, गुळगुळीत 'खट्', गिअर पडल्याचा.

तोंडाला साबण तसाच ठेवून मी शेडकडे धावलो. दाराला बाहेरून कडी होती, माझ्या हातची. आत उजेडाचा एक पट्टा फरशीवर पडला होता, त्यात धूळ तरंगत होती. गाडीत कुणी नव्हतं. सीट मागे होती. गिअरचा दांडा पाचव्यात होता.

मी गाडी कधीही गिअरमध्ये ठेवत नाही. कुठलाच मेकॅनिक शेडमध्ये ठेवत नाही, कुणी चावी फिरवली तर गाडी उडी मारून अंगावर येते. आणि पाचव्यात तर खुळाही ठेवणार नाही. मी गोळ्याला हात लावला. कोमट होता. खिडकीतून ऊन येत असेल, मी स्वतःला सांगितलं. खिडकीला पुठ्ठा लावलेला होता.

आता मात्र भीती वाटली. पण त्या भीतीच्याही पुढे एक गोष्ट होती, ती सांगायला लाज वाटते. मला वाटलं, चार दिवसांत शिकला. मी जे त्याला माहीत नसावं म्हणून केलं, ते तो माझ्याआधी शिकला.

घरात आलो तेव्हा ही पोळी लाटत होती. तवा धुरकटला होता, त्यावरची पोळी काळी झाली होती. हिच्या गालांवर लाली होती.

"तुम्हीही दोनदा दाबता?" तिनं विचारलं. वर पाहिलं नाही.

"मी इथे होतो. दाढी करत होतो. तू बघितलंस मला."

"हो का," ती म्हणाली.

८

त्या दिवशी मी कामावर गेलो नाही. हीदेखील शाळेत गेली नाही. दुपारी जेवणं झाल्यावर मी विषय काढला, आणि काढला तो भलत्याच टोकानं.

"तुला अजून त्याची आठवण येते."

"येते," ती म्हणाली. "येणार नाही का? दहा वर्षं होतं माणूस."

"आणि मी?"

"तुम्ही काय? तुम्ही आहात की." तिनं टेबलावरचं खरकटं फडक्यानं गोळा केलं. "किती दिवस तुम्ही या घरात खुंट्या सरकवताय. मी कधी अडवलं?"

"अडवायला हवं होतंस!" माझा आवाज चढला. "भांडायला हवं होतंस. तू गप्प बसतेस आणि तिकडे जाऊन मटार सोलतेस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. लहान मूल पडलं की आपण बघतो, लागलं की नाही ते, तसं पाहिलं. मला तेही सहन होईना.

"मी ती गाडी विकतो," मी म्हणालो. "उद्याच."

तिनं आधी फडकं धुऊन पिळलं, वाळत घातलं.

"विका," ती म्हणाली. "तुम्ही एवढं राबलात तिच्यावर, आणि मला एकदाही बसवून नेलं नाहीत. एकदा फिरवून आणा. मग काय करायचं ते करा."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तिनं कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. गेल्या तीन वर्षांत हे पहिलंच मागणं होतं.

९

रविवारी सकाळी दहाला निघालो. मी सीट पुढे आणून पट्ट्यात एक लोखंडी पाचर ठोकली होती. हिनं निळी साडी नेसली होती, ती मी कधी पाहिली नव्हती. गोदामं मागे पडली, सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, आकाश स्वच्छ, समोर एकही गाडी नाही.

पहिला. दुसरा. तिसरा. ही मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होती. चौथा टाकला तशी वळली.

"हा चौथा ना?"

"चौथा."

"छान आहे," ती म्हणाली, आणि ओठ मिटून हसली. खोटं कशाला बोलू, मला तेवढ्यानंही बरं वाटलं. मी मनाशी ठरवलं होतं, पाचव्याच्या वाटेला जायचंच नाही. चौथ्यात न्यायचं, चौथ्यात आणायचं, उद्या गिऱ्हाईक बघायचं.

"आणि पाचवा?"

"राहू दे. रस्ता खराब आहे पुढे."

रस्ता फरशीसारखा गुळगुळीत होता. तिनं तो पाहिला, मी तो पाहिला. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि समोर बघत राहिलो.

तेव्हा क्लचचं पेडल खाली गेलं. माझा पाय त्यावर नव्हता, शेजारी टेकलेला होता. पेडल माझ्या चपलेला घासून खाली गेलं, वर आलं, एका श्वासाएवढं थांबलं आणि पुन्हा खाली गेलं. दांडा हलला. खेच नाही, करकर नाही. पाचवा पडला. इंजिनाचा आवाज एकदम खाली उतरला, गाडी हलकी झाली, चाकं जमिनीला लागताहेत की नाही कळेना, आणि मला ब्रेक मारायचं सुचलं नाही, कारण ही हसली.

डोकं मागे टाकून हसली. खळखळून, दात दिसतील असं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ज्या हसण्यासाठी मी तीन वर्षं या घरातले खिळे उपटले ते हसू माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

हसता हसता तिनं उजवा हात पुढे केला आणि गिअरवर ठेवला. नेमका गोळ्यावर नव्हता ठेवलेला. तिचा तळवा गोळ्याच्या दोन बोटं वर थांबला होता, आणि बोटं खाली वळली होती, कशाभोवती तरी. पकड सैल होती, ओळखीची. त्या दोन बोटांच्या जागेत मला क्षणभर काहीतरी दिसलं. काय ते मी सांगणार नाही. लांब होतं, आणि नखं अगदी स्वच्छ होती.

मग ती वळली आणि तिनं माझे हात पाहिले. आधी डावा, मग उजवा. दोन्ही स्टिअरिंगवर होते, काळ्या नखांचे, पांढरे पडेपर्यंत आवळलेले. तिनं ते नीट पाहिले. हसणं थांबलं. आता ओरडेल, मला वाटलं. आता माझा दंड धरेल, थांबवा म्हणेल. मी त्याचीच वाट बघत होतो, तिनं घाबरून माझ्याकडे सरकण्याची.

तिनं समोर रस्त्याकडे तोंड केलं. हात काढला नाही.

"परत फिरू या?" मी विचारलं. 

"अजून थोडं पुढे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली नाही.